कंपनीच्या वाट्याचा चहा

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला माहेरी होते, भाचीच्या साखरपुड्यात. फोन यांचा होता. "मोठ्या वहिनी गेल्या," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी बाजूला जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले. आता जे लिहिणार आहे ते लिहायची लाज वाटते, पण ते गाळून हा लेख लिहायचा तर न लिहिलेलाच बरा... मला आधी रडू आलं नाही. आधी हायसं वाटलं. आता ती गोष्ट मला कोणी विचारणार नाही, असं वाटलं. रडू आलं ते गाडीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर. शेजारी बसलेली माझी भावजय पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती जीव होता हो ताई तुमचा दोघींचा, सख्ख्या बहिणींचा नसेल इतका." धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या गाडीत कळलं. बडनेरा येईपर्यंत मी तोंडावरचा पदर काढला नाही.

बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, शकुंतला. माहेर चांदूर बाजारकडचं, आवाज खणखणीत, आणि मान अशी की वाड्यातून नव्हे, दरबारातून आल्यासारखी. अमरावतीला आमचं एकत्र घर. थोरले दीर, म्हणजे दादा, आणि आमचे हे, दोघा भावांनी मिळून नांदगाव पेठेला चादरी-टॉवेलचं युनिट काढलं. सुरुवातीला भागीदारी होती. धंदा वाढला तसं आमच्या सीएंनी सांगितलं की आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा. भागीदारीत धंद्याचा बोजा उद्या घरादारावर येतो, एक भागीदार गेला की फर्म डळमळते, कंपनीचं तसं नाही. मग डायरेक्टर म्हणून दोघे भाऊ आणि, नावाला, आम्ही दोघी. आता गंमत बघा. मी कॉलेजात वाणिज्य शिकवते, कंपनी कायदा हा माझा विषय. सकाळी फळ्यावर संचालकांची कर्तव्यं लिहायची आणि संध्याकाळी जिथे पेन्सिलनं फुली मारली असेल तिथे डोळे मिटून सही करायची, हे मला एकदाही विचित्र वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी असं चालतं. बायकांना संचालक करतात आणि बैठक कागदावर भरवतात.

बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी पेन खाली ठेवला. दादांना काही न बोलता थेट माझ्याकडे स्वयंपाकघरात आल्या. मी भाकरी थापत होते.

"माला, तू कॉलेजात हेच शिकवते न? मंग सांग मले, डायरेक्टर होऊन मी करायचं काय?"

मी म्हटलं, काही नाही बाई, सही. पण त्या हटेनात. मग मी वर्गात सांगते तसं सांगायला लागले. कंपनी म्हणजे आपण नव्हे. कायद्यानं ती वेगळीच एक व्यक्ती आहे. तिचं नाव वेगळं, तिची मालमत्ता वेगळी. आपण मेलो तरी ती मरत नाही. तिला हातपाय नाहीत, तोंड नाही, म्हणून तिच्या वतीनं आपण चौघांनी ठरवायचं. पण ठरवताना नवऱ्याचं, पोराचं, स्वतःचं भलं नाही पाहायचं, तिचं पाहायचं. बाई पाटावर बसून ऐकत होत्या, हनुवटीला हात लावून.

"मंग थे राहते कोठी?"

मला हसू आलं. म्हटलं, नोंदणीकृत पत्ता असतो ना, तिथे. आपल्या कंपनीचा पत्ता म्हणजे आपलंच घर, फाटकावर पाटी लावली आहे ती त्यासाठीच.

बाईंनी कपाळावर हात मारला. "माय वं! म्हंजे बिचारी आपल्याच घरात राहून राहिली, अन् आपण तिले अजून चाय बी नाही इचारला?"

मला वाटलं, चेष्टा करून राहिल्या. चेष्टा नव्हती. पुढच्या बैठकीच्या तारखेला दादा आणि हे नेहमीप्रमाणे कारखान्यात जायला निघाले, तर बाई बैठकीच्या खोलीत इस्त्रीची साडी नेसून बसलेल्या. खुर्च्या मांडलेल्या. चार आमच्या आणि पाचवी, वेताची, खिडकीजवळची, रिकामी. तिच्यासमोर स्टुलावर चहाचा कप. "बसा," म्हणाल्या. "मीटिंग हाये. अन् थ्या खुर्चीवर कोणी बसू नका, थे तिची हाये." दादा हसून हसून लाल झाले. पण बसले. कारण बाईंसमोर न बसायची आमच्या घरात कोणाची छाती होती?

त्या दिवसापासून आमच्या घरी बैठक खरंच भरायला लागली. बाईंना कायदा कळला होता असं म्हणण्यात अर्थ नाही, निम्मा त्यांनी स्वतःच रचला होता. विषयपत्रिकेत काहीही घालायच्या. कॅन्टीनच्या पोह्यात शेंगदाणे कमी असतात, हा एक विषय. दादा फोनवर फार ओरडतात, त्यानं कंपनीची अब्रू जाते, हा दुसरा. अध्यक्षपद त्यांनी आपणहून घेतलं, कोणी दिलं नाही. मिजास तर विचारूच नका, शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या की म्हणायच्या, "आज जमत नाही बाई, बोर्डाची मीटिंग हाये." आणि प्रत्येक निर्णयाआधी त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून विचारायच्या, "कंपनीले काय वाटते?" मग थोडा वेळ थांबायच्या, खरोखर कोणी बोलत असल्यासारखं ऐकायच्या, आणि सांगायच्या. बहुतेक वेळा कंपनीला तेच वाटायचं जे बाईंना वाटायचं. पण बहुतेक वेळाच. एकदा बाईंच्या भावाच्या ओळखीतल्या माणसाकडून धागा घ्यायचं चाललं होतं, बाईंचा खूप आग्रह होता. खुर्चीकडे पाहून बराच वेळ गप्प राहिल्या आणि तोंड एवढंसं करून म्हणाल्या, "नाही म्हणते. माल कच्चा हाये म्हणते." त्या दिवशी भाऊ जेवायला थांबला नाही.

बैठक संपली की खुर्चीसमोरचा गार झालेला चहा बाई स्वतः प्यायच्या. तिच्या वाट्याचं वाया जाऊ नये म्हणून, असं सांगायच्या. खरं कारण मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती आणि कंपनीच्या चहात दोन चमचे भरून साखर असायची. मी एकदा टोकलं तर डोळे वटारून म्हणाल्या, "कंपनीले शुगर नाही हाये."

मला त्या खुर्चीची लाज वाटायची. स्पष्टच सांगते. एकदा बँकेचे अधिकारी अचानक घरी आले, बैठक चालू होती, आणि त्यांचं लक्ष त्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या वाफाळत्या कपाकडे गेलं. मी घाईघाईनं म्हणाले, "एक जण यायचे आहेत." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. स्टाफरूममध्ये हा किस्सा मी किती वेळा रंगवून सांगितला असेल, बाईंच्या आवाजाची नक्कल करून! माझे सहकारी पोट धरून हसायचे. वर्गातही सांगायची, नाव न घेता. मुलांच्या तो पक्का लक्षात राहायचा, कंपनी वेगळी व्यक्ती असते हे परीक्षेत कोणी चुकायचं नाही. म्हणजे बाईंच्या खुर्चीवर मी शिकवून खाल्लं, आणि वर त्यांनाच हसले.

मग माझ्या निखिलचं गोदाम आलं. निखिल आमचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून आला, वरूडची संत्री निवडून, पेट्यांत भरून बाहेर पाठवायचा धंदा काढला. त्याला जागा हवी होती. कंपनीचं समोरचं गोदाम रस्त्याला लागून, ट्रक थेट दारात. नाममात्र भाड्यानं ते त्याला द्यावं, असं यांच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर यांच्या मनात ते मीच घातलं होतं. त्या गोदामात आमच्या तयार चादरींच्या गाठी असायच्या आणि कारखान्यात शिवणाऱ्या बाया त्याच्या ओट्यावर डबा खायच्या. गाठी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवू म्हटलं. शेड गळतं, हे सगळ्यांना माहीत होतं. डागडुजी करू म्हटलं.

बैठकीत विषय निघाला आणि बाई माझ्याकडे वळल्या.

"माला, पोरगा तुहा हाये. तू आदी सांग तसं."

"बाई, निखिल माझा मुलगा आहे हे काय इथे कोणाला सांगायला हवं? सगळ्यांना माहीत आहे."

बाईंनी खुर्चीकडे बोट केलं. "तिले नाही माईत."

संचालकाचा हितसंबंध असेल तर तो त्यानं आधी उघडपणे सांगायचा, हे मीच त्यांना पाटावर बसवून शिकवलं होतं. दरवर्षी वर्गात शिकवते. पण त्या दिवशी ते सांगायच्या ऐवजी मी पदर सारखा करत बसले. बाईंनी वाट पाहिली, मग नेहमीप्रमाणे खुर्चीला विचारलं, आणि म्हणाल्या, "नाही म्हणते. गाठी भिजतीन म्हणते. अन् बाया उनात बसतीन."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ती नाही म्हणत, तुम्ही म्हणता! स्वतःला पोर नाही म्हणून माझ्या पोराचं बघवत नाही!"

बाईंना मूल नव्हतं. निखिलला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तो त्यांना मोठी आई म्हणतो. दादांनी मान खाली घातली. हे खिडकीबाहेर बघत राहिले. बाई चिडतील असं वाटलं होतं, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग तूच इचार तिले. तू तं शिकेल हायेस." मी उठून आत निघून गेले. त्यानंतर एकाच ओट्यावर स्वयंपाक करत होतो, पण बोलणं भाजीत मीठ टाकलं का, एवढंच. माफी मागायची राहिली. त्या मात्र मधूनच माझ्यासाठी ज्वारीचे धिरडे करून ताटलीवर झाकून ठेवायच्या, कोणी केले ते न सांगता.

पुढे बाईंच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. संत्र्याचा हंगाम तोंडावर आलेला, निखिल घाईला आलेला. हे म्हणाले, "आपण तिघं आहोत, कोरम होतो." कोरम म्हणजे बैठक भरायला लागणारी किमान माणसं, आणि यांचं म्हणणं बरोबर होतं, कायद्याला बाईंची गरज नव्हती. बैठकीचीही कोणाला गरज वाटली नाही. सीएंच्या ऑफिसातून इतिवृत्त टाइप होऊन आलं. बैठक अमुक वाजता सुरू झाली, आभार मानून संपली. त्यात असंही लिहिलं होतं की ठरावाआधी मी माझा हितसंबंध जाहीर केला. किती नीट लिहिलं होतं! मी आयुष्यात कोणाला काही जाहीर केलं नव्हतं. ओट्याशेजारी उभी राहून, कणकेचा हात पुसून, मी सही केली. खुर्ची खिडकीजवळ होती तिथेच होती, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुगाची पातळ खिचडी घेऊन दवाखान्यात गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला पण डोळे जागे. निखिल सकाळी येऊन गेला होता. पोरानं आनंदाच्या भरात सांगून टाकलं होतं.

"गोदाम भेटलं म्हणे त्याले," बाई म्हणाल्या. "मीटिंग झाली का?"

"झाली."

"तिची खुर्ची ठेवली होती?"

"ठेवली होती."

"चाय?"

"चहापण ठेवला, बाई."

 मी डब्याचं झाकण उघडत होते, उगाच पुन्हा लावत होते.

"मंग? काय म्हणे थे? कोणं इचारलं?"

"मी विचारलं," मी म्हणाले. "हो म्हणाली."

मला वाटलं, आता पकडतील. बाईंच्या नजरेतून आजवर काही सुटलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा असा उजळला की मी नजर खाली घेतली. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुनं इचारलं न, मंग झालं. मलेच तिचं नीट आयकू आलं नसन. मी बी माणूसच हाये." आणि मी भरवलेली खिचडी मुकाट्यानं खाल्ली. तीच आमची शेवटची भेट. मी त्यानंतर साखरपुड्याच्या तयारीचं निमित्त काढून अकोल्याला निघून गेले, कारण मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

तेरवीच्या दिवशी कारखान्यातल्या शिवणाऱ्या बाया भेटायला आल्या. तोवर गोदामात संत्र्यांच्या पेट्या लागल्या होत्या, गाठी मागच्या शेडमध्ये गेल्या होत्या. बायांची डबा खायची जागा गेली होती. मला वाटलं होतं, त्या कुरकुर करतील, निदान तोंड फिरवतील. पण त्यांच्यातली एक वयस्क बाई माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "बाईनं दवाखान्यातून फोन केलता आमाले. म्हणे, नाराज नोका होऊ. मालानं सोता इचारलं, कंपनीनंच हो म्हटलं. मंग आमी काहून बोलाव?" मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते... माझं खोटं बाईंनी स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या इभ्रतीवर, त्या बायांच्या पदरात घातलं होतं. मला खोटं ठरवायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यापेक्षा त्या मला रागावून गेल्या असत्या तर मी जन्मभर भांडत तरी बसले असते.

मागच्या आठवड्यात बैठक होती. बाईंच्या निधनाची नोंद घ्यायची, त्यांची जागा रिकामी झाल्याचं कळवायचं, असलं काम. सीएंनी फोनवर सांगितलं, कागद पाठवतो, सह्या करून ठेवा. मी म्हटलं, नको, बैठक भरेल. मी इस्त्रीची साडी नेसले. खुर्च्या मांडल्या. वेताची खुर्ची पुसून खिडकीजवळ ठेवली आणि तिच्यासमोर स्टुलावर कप. हे येऊन बसले. दादा आले, खुर्चीकडे पाहिलं, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मी म्हणाले, "दादा, गोदामाची बैठक झालीच नव्हती. मी बाईंना झाली म्हणून सांगितलं."

"मले माईत हाये न," दादा म्हणाले. "सही तं मीबी केली. तिनं मलेच इचारलं होतं आदी. मी म्हटलं, मालाले इचार." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मले तिच्यापुढं खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून तुमच्यावर ढकललं."

हे मान खाली घालून बसले होते. एका खोलीत तिघं जण, तिघंही शिकलेले, कर्तेसवरते म्हणवणारे, आणि कोणाला कोणाकडे बघता येईना. मग मी खुर्चीकडे वळले. वर्गात दीडशे पोरांसमोर माझा आवाज कधी कापत नाही. तिथे कापला. म्हटलं, "निखिल माझा मुलगा आहे. हे गोदाम त्याला मिळावं ही माझी इच्छा होती." रिकाम्या खुर्चीला हे सांगताना मला जराही हसू आलं नाही. मग विचारलं, कंपनीला काय वाटतं. थांबले. बाई थांबायच्या तसं. बाहेर फाटकाजवळ कोणी तरी गाडी लावत होतं, बाकी काही ऐकू आलं नाही. येणारच नव्हतं, मी काही वेडी नाही. पण तेवढ्या वेळात मला मागच्या शेडमधल्या ओल्या गाठी दिसल्या, आणि भिंतीच्या सावलीला चिकटून डबा खाणाऱ्या बाया दिसल्या.

"नाही म्हणते," मी म्हणाले.

दादांनी मान हलवली. यांनीही हलवली. निखिलला हा हंगाम संपला की जागा सोडायची आहे. तो माझ्याशी सध्या कामापुरतं बोलतो. त्याचं चूक नाही. त्यानं जागा मागितली होती, खोटं बोलायला मला सांगितलं नव्हतं. माझ्या खोट्याचा भुर्दंड पोरावर पडला, ही लाज आणखी वेगळी. शेडमधल्या खालच्या गाठींना डाग पडले आहेत, ते कोणत्याही ठरावानं जाणार नाहीत. आणि बाईंना आता काय सांगू, कुठे जाऊन सांगू?

दोघे भाऊ उठून गेले. मी कप गोळा केले. खिडकीजवळचा भरलेला होता, तसाच, वर साय धरलेली. नेहमीच्या सवयीनं मी तो बाईंकडे सरकवायला म्हणून उचलला आणि हात तिथेच राहिला. मोरीत ओतायला नेला, ओतवेना. ओट्याशी उभी राहून तोंडाला लावला. गार होता आणि भयंकर गोड. साखर घालताना माझ्या हातून दोन चमचे भरून पडले होते, लक्षातही आलं नव्हतं. तो चहा माझ्या वाट्याचा नव्हता. तरी मी तो संपवला.